विजातीयांची तुलना

दोन वस्तूंची तुलना करावयाची तर त्या एका जातीच्या असाव्यात, हा तर्कशास्त्रातील संकेत सर्वांच्या परिचयाचा आहे. आंब्याची तुलना आंब्याशी करावी, घोड्याची घोड्याशी करावी. आंबा श्रेष्ठ की घोडा, असे कोणी विचारल्यास आपण उत्तर देण्याऐवजी त्याच्या प्रकृतीची चौकशी करू. परंतु व्यवहारात हा संकेत आपण नित्य मोडीत असतो, आणि मोडीत आहोत हे आपल्या ध्यानातही येत नाही. डोंगर की विमानतळ, भातशेती की वसाहत, खाडी की रस्ता, अशा विजातीय वस्तू एका तराजूत घालूनच आपले मोठमोठे निर्णय होत असतात. तेव्हा अशी तुलना करावी की न करावी, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. ती कशी केली असता न्याय्य होईल, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. या प्रश्नाचा विचार मी एका अगदी लहान प्रसंगावरून करणार आहे. त्या प्रसंगात मी स्वतः निर्दोष नव्हतो, हे आरंभीच सांगून टाकतो.

पनवेल शहराकडून गाढी नदी ओलांडली की करंजाडे लागते. नावाची फोड भाषाशास्त्रज्ञ कशीही करोत, ते ऐकणाऱ्याच्या मनात करंजाचे झाड उभे राहिल्यावाचून राहत नाही. आणि नदीकाठच्या व खाडीकाठच्या या मुलखात तो वृक्ष विपुल आहेही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व पुढे पनवेल-उरण भागातील भातखाचरांचे भूखंड होत गेले. जवळचा उलव्याचा डोंगर कापून सपाट करण्यात आला, आणि ८ ऑक्टोबर १९२५ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, तेथे विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळासाठी उठलेल्या गावांतील कित्येक कुटुंबांस याच वडघर-करंजाडे परिसरात भूखंड मिळाले. मी मात्र येथला उपराच. इमारत उभी राहिल्यानंतर सदनिका घेऊन आलेला.

आमच्या इमारतीच्या मागील अंगणात एक जुना करंज आहे. इमारतीहून तो पुष्कळ वडील आहे. त्याच्या पूर्वेस, कुंपणाच्या भिंतीलगत, उघड्या टणक मातीचा एक पट्टा होता. तेथे गवत उगवत नसे आणि सकाळचे ऊन थेट पडे. चैत्रात करंज फुलू लागला की या पट्ट्यावर मधमाश्यांची ये-जा सुरू होई. या माश्या पोळे करणाऱ्या नव्हेत. आकाराने नेहमीच्या मधमाशीएवढ्या किंवा किंचित मोठ्या, पाठीवर तांबूस लव, काळ्या पोटावर चमकदार निळे पट्टे, आणि एका जागी क्षणभर तरंगून एकदम दिशा बदलण्याची सवय. प्राणिशास्त्रात यांस अमेगिला म्हणतात. आपल्या भाषेने मध देणाऱ्या माश्यांस आग्या, सातेरी, फुलोरी अशी स्वतंत्र नावे दिली आहेत. हिच्यासाठी तसे रूढ नाव निदान माझ्या ऐकण्यात नाही. जिच्यापासून आपणांस मध मिळत नाही, तिला नाव देण्याचीही आपल्याला गरज वाटलेली दिसत नाही.

हिचा संसार एकटीचा असतो. मादी जबड्याने व पायांनी जमिनीत बीळ खणते, आत लहानशी कोठडी करते, तिला ओल लागू नये म्हणून आपल्या अंगातील स्रावाचे अस्तर देते, पराग आणि मकरंद यांचे मिश्रण तीत भरते, त्यावर एक अंडे घालते आणि कोठडी मातीने बंद करते. मग दुसरी कोठडी. नर या कामात हात घालीत नाहीत. रात्री ते बाहेर एखाद्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपतात. एकाच पट्ट्यात अशी अनेक बिळे जवळजवळ असतात, परंतु प्रत्येकीचे दार वेगळे. शेजार आहे, पण संसार एकत्र नाही. या बाबतीत आमच्या इमारतीत व त्या पट्ट्यात फारसा भेद नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्याकडील एक वृद्ध बाई त्या अंगणातील चिखलात घसरून पडल्या व त्यांचे खुब्याचे हाड मोडले. पाऊस संपताच सभा भरली आणि सर्व अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवावेत असा ठराव पुढे आला. करंज तोडावयाचा नव्हता. ठोकळे त्याच्या बुंध्यापर्यंत यावयाचे होते. मी जरा भीतभीतच माश्यांचा विषय काढला. त्यावर एक सभासद म्हणाले, “अहो, झाड राहतंय ना? मग माश्यांचं काय घेऊन बसलात? त्या जातील उडून दुसरीकडे.” सगळे हसले. मीही हसलो आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला.

ते गृहस्थ सज्जन आहेत आणि त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. म्हणूनच त्यांचे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात आपणां सर्वांचेच मत आले आहे. त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. झाड माशीहून मोलाचे आहे. झाडास जागा लागते, माशीस कोणतीही जागा चालते. आणि झाड राहिले की त्या जागेवरील आपले देणे फिटले.

पहिली गोष्ट घेऊ. झाड माशीहून मोलाचे कशावरून? जीवसृष्टीच्या जुन्या शिड्या पाहिल्या तर निकाल उलट लागतो. ॲरिस्टॉटलने वनस्पतींस खालची पायरी दिली व संवेदना असलेल्या प्राण्यांस वरची. आपल्याकडेही स्थावर आणि जंगम असा भेद आहे. जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज या चार प्रकारांत माशी स्वेदज ठरते आणि करंज उद्भिज्ज, म्हणजे भूमी भेदून वर येणारा. गंमत अशी की ही माशीही अंड्यातून निघाल्यावर जमिनीतच वाढते आणि एके दिवशी माती फोडून वर येते; शब्दाचा अर्थ तेवढा पाहिला तर तीही उद्भिज्जच म्हणावी लागेल. तात्पर्य, सभेने झाडास वरचे स्थान दिले ते असल्या कोणत्याही शिडीवरून दिले नाही. झाड मोठे आहे, जुने आहे, दिसते, सावली देते, म्हणून दिले.

उपयोगाचे माप लावावयाचे तर करंजाचे गुण उघड आहेत. त्याच्या बियांचे कडू तेल दिव्यास व त्वचारोगांवर वापरले जाते, पेंड खत म्हणून शेतास जाते, मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, आणि खारवट जमिनीतही तो तग धरतो. माशीचे गुण असे दारात उभे राहून दिसत नाहीत. वांग्याच्या फुलातील पराग परागकोशांच्या टोकांवरील बारीक छिद्रांतून बाहेर पडावा लागतो. ही माशी फुलास बिलगून आपले अंग अशा वेगाने थरथरविते की तो मिठासारखा झडून पडतो. पोळ्यातील मधमाश्यांस ही कला साधत नाही. करंजाच्या फुलाचेही तसेच आहे. त्याच्या खालच्या पाकळ्या माशीच्या भाराने दबल्या म्हणजे आत दडलेले केसर बाहेर येऊन तिच्या अंगास लागतात, आणि एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलास पोचतो. मोठ्या भुंग्यांपासून जमिनीत राहणाऱ्या माश्यांपर्यंत अनेक जण हे काम करतात. म्हणजे ज्या झाडाच्या तुलनेत आपण माशीस शून्य मोल दिले, त्या झाडाच्या शेंगा तिच्यासारख्यांच्या श्रमावर धरतात.

दुसरी गोष्ट, ‘उडून जातील’ ही. मला स्वतःला त्या दिवशी हेच वाक्य सर्वांत पटले होते, आणि तेच सर्वांत खोटे होते. जो चालू-उडू शकतो त्याला जागेचे बंधन नाही, असे आपण समजतो. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. झाड हलत नाही, पण करंजाची शेंग पाण्यावर तरंगते व ओढ्या-खाडीतून दूर जाऊन रुजते. माशी दिवसभर उडते, परंतु प्रत्येक खेपेस परत येते ती त्याच बोटभर बिळाशी. तिचे उडणे हेच मुळी त्या बिळासाठी असते. सभा भरली त्या वेळी पट्ट्यावर एकही माशी दिसत नव्हती, म्हणून पट्टा रिकामा आहे असे आम्हांस वाटले. पण त्या वेळी तिची प्रजा मातीखाली बंद कोठड्यांत असणे सर्वस्वी संभवनीय होते. आई उडून जाईल. अळीस पंख नसतात. ठोकळे बसविल्यावर ज्यांस पंख फुटले असतील त्यांस वर येण्यास वाट उरली नसेल. ‘उडून जातील’ असे आपण ज्यांच्याविषयी म्हणालो, त्यांच्यापैकी बहुतेक उडू शकत नव्हत्या, हे मला हात वर केल्यानंतर काही दिवसांनी सुचले. माहिती मला आधीपासून होती. ती त्या क्षणी मी वापरली नाही एवढेच.

तिसरी गोष्ट देण्याघेण्याची. झाडांच्या बाबतीत आपल्या राज्यात हिशेबाची सोय आहे. शहरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसावृक्ष मानण्यात आले, आणि जे झाड तोडावयाचे त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असे ठरले. ही तरतूद चांगलीच आहे. पण ती वाचताना हेही दिसते की ज्याची नोंद होते त्याचीच भरपाई होते. झाड उभे राहते, त्यास क्रमांक देता येतो, त्याचा घेर मोजता येतो. उघड्या मातीच्या पट्ट्यास क्रमांक कोण देणार? कागदावर ती ‘मोकळी जागा’ असते.

माणसांच्या व्यवहारातही या मुलखाने हा अनुभव घेतलेला आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा न्याय्य मोबदल्यासाठी लोकांस झगडावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले व विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्क्यांचे. हे प्राण देऊन मिळविलेले हक्क आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु जमिनीच्या मोबदल्याचे माप जमीन हेच असते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, जो दुसऱ्याच्या खाचरात राबला किंवा खाडीतल्या चिंबोऱ्यांवर जगला, त्याचा हिशेब त्या मापात आपोआप बसत नाही. त्यास वेगळे माप मागून घ्यावे लागते. माणसाची माशीशी बरोबरी मी करीत नाही, ती करणे अश्लाघ्य होईल. मापाचा दोष तेवढा एक आहे. जे मोजता येते त्याचे देणे दिले की सर्व देणे फिटले, असे आपणांस वाटू लागते.

येथे वाचक विचारतील की मग त्या वृद्ध बाईंच्या मोडलेल्या हाडाचे काय? हा आक्षेप खरा आहे व त्यास बगल देता येणार नाही. माणसाचा खुबा आणि माश्यांची बिळे यांत एकाचीच निवड करावयाची असती, तर मी खुब्याची केली असती आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप वाटला नसता. पण तशी निवड करण्याची वेळ खरोखर आली होती काय? बाई पडल्या त्या जिन्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर. माश्यांचा पट्टा होता भिंतीलगत, जेथे कोणी चालत नसे. चार फूट रुंदीची फरसबंद वाट केली असती तर दोन्ही गोष्टी साधल्या असत्या आणि खर्चही कमी आला असता. हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. आणि विचारले नाही, कारण ‘झाड राहतंय ना’ या एका वाक्याने तुलना पुरी झाली होती. माशीच्या पारड्यात शून्य पडल्यावर तिच्यासाठी वाट शोधण्याचे प्रयोजनच उरले नाही. माझ्या मते विजातीयांच्या तुलनेतील मुख्य अनीती ही आहे. तिचा निकाल चुकतो हा दोष दुय्यम. निकाल लागला या समाधानात पुढील चौकशी थांबते, हा दोष मोठा. तुलनेने विचारास आरंभ व्हावयास हवा. आपण तिच्यावर विचार संपवितो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची कथा आहे, आणि तीवर एकनाथांनी विस्ताराने लिहिले आहे. एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पुरे झाले. त्या गुरूंत मधमाशी आहे. पृथ्वीही आहे, आणि तिच्याच अनुषंगाने परोपकार शिकविणारा वृक्षही आहे. अवधूत या सर्वांस भेटतो, पण त्यांत थोर कोण हे ठरवीत नाही. प्रत्येकाजवळ थांबून त्याचे वर्तन पाहतो व त्यापासून काय घ्यावयाचे ते घेतो. ज्याला शिकावयाचे आहे त्याची दृष्टी आणि ज्याला निकाली काढावयाचे आहे त्याची दृष्टी, या दोहोंतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

कोणी म्हणेल, झाड आणि माशी यांचे हित एकच आहे, तेव्हा झाडे लावावीत म्हणजे माश्यांचेही भले होईल. हे समाधानही फसवे आहे. जमिनीत राहणाऱ्या पुष्कळ माश्यांस उघडी, उन्हाची माती लागते. २०१९ साली आपल्या राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला होता. अशा कामात ‘मोकळी’ म्हणून जी जागा निवडली जाते ती कोणाचे तरी घर असू शकते, आणि तेथे झाड लावणे हाच त्या घरावरील घाला ठरू शकतो. एकाचे भले करताना दुसऱ्याचे वाईट होते की काय हे तेथे जाऊन पाहावेच लागते. सामान्य नियमाने ते कळत नाही.

तसेच, दोघांचा संबंध नाही असे ठरविण्याचीही घाई करू नये. युरोप-अमेरिकेत ॲश नावाचा एक वृक्ष आहे. त्याच्या प्रमुख जातींचा पराग वाऱ्याने वाहतो. माशीवाचून त्याचे अडत नाही. २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला, ज्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली पोखरतात. त्याने पुढे कोट्यवधी झाडे मारली. तेथेच जमिनीत बीळ खणणारी, मधमाश्यांच्या नात्यातील एक गांधीलमाशी आहे. ती आपल्या पिल्लांसाठी याच कुळातील भुंगेरे पकडून बिळात नेते. झाडाकडे पाहून रोग कळण्यास उशीर होतो, म्हणून संशोधक तिच्या बिळापाशी बसून ती काय आणते ते पाहू लागले. झाडाच्या शत्रूची वर्दी मातीतील बिळापाशी मिळेल, हे आधी कोणास सांगता आले असते?

तथापि हेही शेवटी उपयोगाचेच माप झाले, आणि तेवढ्यावर थांबणे मला प्रशस्त वाटत नाही. वांगी धरली नसती, करंजास शेंगा आल्या नसत्या, तरी त्या पट्ट्यातील माश्यांचे काही एक देणे आमच्याकडे राहिलेच असते. जी माशी कोठडी बंद करते तिला आतील जीव बाहेर आलेला बहुधा पाहावयास मिळत नाही. तोवर तिचे आयुष्य संपलेले असते. या कृतीत तिचा स्वतःचा असा एक हेतू आहे, जो आमच्या उपयोगापूर्वीपासून चालत आला आहे. दुसऱ्याचा हेतू आपल्या हेतूच्या आड येतो की नाही, हे पाहण्याइतकी तसदी घेणे, एवढे देणे तरी कोणाही जीवाचे लागते. ती तसदी घेतल्यावर त्याग करावा लागला तर तो जाणून केलेला त्याग होईल. न पाहता केला तर ती केवळ बेपर्वाई.

या गोष्टीचा शेवट सांगितला पाहिजे. पुढील वर्षी मी सभेत असे निदर्शनास आणले की २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता. आपणही करंजाभोवती तेवढी जागा मोकळी करावी. झाडाचा प्रश्न असल्यामुळे कोणी हसले नाही. ठोकळे निघाले, आळे झाले, लोक त्यात पाणीही घालू लागले. आता माश्याही परत येतील, असे मी मनाशी समजलो होतो. त्या आल्या नाहीत. आळ्यात दिवसभर सावली असते आणि माती ओली राहते. त्यांस हवी होती कोरडी, उन्हाची जमीन. झाडास त्याचा न्याय मिळाला आणि तो मिळाल्याने माशीचा प्रश्न सुटला नाही. पुन्हा एकदा मी एकाच्या नावावर दुसऱ्याचे देणे फेडू पाहत होतो.

भिंतीलगतच्या दोन ओळी ठोकळे काढावेत, असा अर्ज मी येत्या सभेसाठी दिला आहे. त्यात झाडाचा उल्लेख नाही. अर्जाचे कारण म्हणून ‘जमिनीत राहणाऱ्या मधमाश्यांसाठी’ एवढेच लिहिले आहे. सभेत लोक हसतील असे वाटते. त्यांच्याबरोबर आपण हसावयाचे नाही, इतका निश्चय मी केला आहे.